अजून कोण यायचं आहे?

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते नेमकं रविवारी सकाळी आलं, की आमच्या चर्चमध्ये बायकांच्या बाजूचे बाक निम्मे रिकामे दिसतात. पिंप, कळश्या, बादल्या भरायच्या, साठलेलं धुणं उरकायचं, पोरांच्या अंघोळी करायच्या. एवढं करून बाई घराबाहेर पडेपर्यंत साडेदहा होतात आणि उपासना तर नवाला सुरू झालेली असते. महिन्याचा पहिला रविवार असला तर प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचं, मेजही तोवर पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं असतं. उशिरा आलेली बाई मागच्या बाकावर टेकते, शेवटच्या गीतात आवाज मिसळते, आशीर्वाद घेते आणि घरी जाते. तिला कोणी काही म्हणत नाही. मुळात ती आली नव्हती, हेच कोणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

वचनाप्रमाणे चालावं, असं आम्ही ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकत मोठे होतो. त्याचा अर्थही ठरलेला असतो. दारू नको, तंबाखू नको, खोटं बोलू नको, संध्याकाळी घरात कुटुंबाची प्रार्थना झाली पाहिजे, पगारातला दशांश आधी बाजूला काढला पाहिजे. यातलं काहीच मी हलकं मानत नाही. मिलच्या चाळीत दारूने किती संसार मोडले ते मी पाहिलं आहे आणि ‘वचनाप्रमाणे चाला’ या एका वाक्याने किती माणसं त्यातून बाहेर आली तेही पाहिलं आहे. पण एक वचन असं आहे, की ते मी कोणत्याच कॅलेंडरवर किंवा दारावरच्या पाटीवर पाहिलेलं नाही, संडे स्कूलच्या मुलांकडून कोणी पाठ करून घेतल्याचंही आठवत नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं ते तेहतिसावं वचन. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल सांगतो, तुम्ही भोजनाला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

इतकंच. पण याच्या आधीचा मजकूर आमच्या प्रत्येक प्रभुभोजनात वाचला जातो. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली, हे शब्द मंडळीतल्या लहान पोरालाही पाठ असतात. ‘प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावं’ इथपर्यंत वाचून पाळकसाहेब पुस्तक मिटतात. पौलाचं बोलणं मात्र तिथे संपत नाही. ज्या तक्रारीवरून त्याने हा विषय काढला, तिचा निकाल त्याने तेहतिसाव्या वचनात दिला आहे. आम्ही तक्रारही वाचत नाही आणि निकालही वाचत नाही, मधला भाग तेवढा वाचतो.

तक्रार काय होती, ते नीट पाहायला हवं. पौलाने हे पत्र इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलं. करिंथ हे ग्रीसमधलं, दोन बंदरांचं, व्यापाराचं, सरमिसळ वस्तीचं शहर. रोमनांनी ते इसवी सनापूर्वी १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं होतं. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवलं, तेव्हा तिथे येऊन राहिलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेली माणसं पुष्कळ होती. पौल तिथे दीड वर्ष राहिला, तोही हाताला काम घेऊन. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो राहुट्या करायचा. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदवणाऱ्या आणि मागावर पोट भरणाऱ्या सोलापूरकराला हे शहर समजायला जड जाऊ नये.

त्या काळी चर्चची इमारत नसायची. मंडळी कोणाच्या तरी घरी जमायची. करिंथमध्ये गायस नावाच्या एका विश्वासणाऱ्याने सगळ्या मंडळीचा पाहुणचार केला, असं रोमकरांस पत्राच्या शेवटी येतं. म्हणजे त्याचं घर मोठं असणार. त्या काळातल्या सधन रोमन घरांच्या रचनेवरून संशोधकांनी मांडलं आहे, की भोजनाच्या दालनात टेकून जेवायला नऊएक माणसांची सोय असे, बाकीच्यांनी चौकात बसायचं. प्रभुभोजन तेव्हा भाकरीचा तुकडा आणि रसाचा घोट एवढंच नव्हतं, पोटभर जेवण होतं. ज्यांचा वेळ स्वतःच्या मालकीचा होता ते लवकर येत, आपापलं आणलेलं खात आणि पीत. बंदरावरचा हमाल, दुसऱ्याच्या घरातला गुलाम, भांडी घासणारी दासी यांची सुटका मालकाच्या मर्जीवर. ती माणसं येईपर्यंत ताटं रिकामी झालेली असत. एक उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो, असं पौल स्पष्ट लिहितो. मग विचारतो, तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत काय? की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता?

हे सगळं मनात ठेवून ‘अयोग्य रीतीने’ हा शब्द वाचावा. जो कोणी अयोग्य रीतीने ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरतो, या वचनाने आमच्याकडच्या साध्या माणसांना फार भेदरवून सोडलेलं आहे. कर्ज फिटलेलं नाही, नवरा पितो, शेजारणीशी कळशीवरून भांडण झालं, म्हणून ‘मी आज घेत नाही’ म्हणणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या. विड्या वळणारी एक मावशी तर वर्षानुवर्षं मेजाजवळ गेली नव्हती. कारण काय, तर हाताला तंबाखूचा वास येतो. साबणाने धुऊनही जात नाही म्हणायची. हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी मिळवून तिने तीन मुलं शिकवली, आणि ते हात भाकर घ्यायला तिला अयोग्य वाटत होते. उलट भावाच्या वाट्याची जागा दाबून बसलेला, कोर्टात तारखा घेणारा माणूस पहिल्या रांगेत उठून उभा राहतो आणि त्याला काही वाटत नाही. त्याने आत्मपरीक्षण केलेलं असतं, त्या आठवड्यात शिवी दिली का, सिनेमा पाहिला का, याचं. पौल ज्या अयोग्य रीतीबद्दल बोलत होता तिच्यात दोष होता तो उपाशी माणूस येण्याआधी जेवून घेणाऱ्यांचा. उशिरा आलेल्या दासीला त्याने एका शब्दाने दोष दिलेला नाही.

‘शरीर न ओळखता’ जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असंही तिथे आहे. इथे शरीर म्हणजे भाकर की मंडळी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला वाटतं पौलाला दोन्ही अभिप्रेत आहे, पण झुकतं माप द्यायचंच तर मी मंडळीला देईन. कारण लगेच पुढचा, बारावा अध्याय सगळा शरीराबद्दल आहे. डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. जे अवयव दुबळे दिसतात तेच जास्त गरजेचे आहेत. तंबाखूचा वास येणारे हात याच शरीराचे आहेत, हे ज्याला ओळखता येत नाही त्याने भाकर घेताना थांबून विचार करावा.

रविवारची सुट्टी आपण इतकी गृहीत धरतो, की त्या दिवशी सगळे मोकळे असतात असं वाटू लागतं. ख्रिस्ती मंडळीची पहिली तीनशे वर्षं रविवार हा कामाचा दिवस होता. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनिया या (आजच्या तुर्कस्तानातल्या) रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला ख्रिस्ती लोकांबद्दल कळवलं, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात, मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. उजाडण्यापूर्वी का, याचं कारण प्लिनी देत नाही. पण ज्यांना दिवस उगवल्यावर धन्याच्या दारात हजर व्हायचं असतं, त्यांची सवड तेवढीच असते. कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर, असं दोनदा जमून ते आपली मंडळी सांभाळत होते. रविवारी विश्रांतीचा कायदा कॉन्स्टंटाइनने केला तो ३२१ मध्ये.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी त्या मागणीत धरला होता. आमच्याकडे बाळ्याला खंडोबाचं मोठं ठाणं आहे, त्यामुळे हे ऐकलं की सोलापूरकराच्या चेहऱ्यावर हसू येतं. माझ्यासाठी मात्र ही कृतज्ञतेची गोष्ट आहे. ज्या रविवारी आम्ही धुतलेले कपडे घालून देवाच्या मंदिरात जातो, तो रविवार कष्टकऱ्यांसाठी भांडून मिळवणारा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता. त्याचं नाव आमच्या एखाद्या आभाराच्या प्रार्थनेत यावं, असं मला मनापासून वाटतं.

तरीही तो रविवार सगळ्यांना मिळालेला नाही. मी नोकरीभर परिचारिका होते. रविवारी वॉर्ड बंद नसतो. सकाळच्या पाळीला असलं की उपासना बुडायची, रात्रपाळी करून आलं की डोळे मिटायचे. माझ्याबरोबरच्या कितीतरी सिस्टर, वॉर्डातल्या मावश्या, झाडूवाले, वॉचमन, एसटीचे कंडक्टर यांचं हेच चालतं. टॉवेलच्या मागावर बारा-बारा तासांची पाळी असते. विड्या वळणाऱ्या बाईची सुट्टी पानं भिजवून ठेवण्यात आणि चूल-पाण्यात जाते. माझे वडील मिलमध्ये होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर झोपलं. रात्रपाळी सुटली की वडील घरी न येता तसेच चर्चला यायचे, केसांत कापसाचे तंतू घेऊन. बसल्या बसल्या त्यांना झोप लागायची. एकदा कोणी तरी त्यांना कोपराने ढोसलं, तेव्हा त्या वेळचे पाळकसाहेब उपदेश थांबवून म्हणाले, ‘‘झोपू द्या त्यांना. मेजाच्या वेळी मी उठवतो.’’ आणि त्यांनी खरोखर खाली येऊन, खांद्यावर हात ठेवून उठवलं. मी तेव्हा लहान होते. देवशास्त्राचे अभ्यासक्रम मी कधी केले नाहीत, पण एकमेकांसाठी थांबणं म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आता हे मेज तयार कसं होतं तेही सांगते, कारण गेली काही वर्षं ते काम माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी काळे मनुके निवडून, धुऊन भिजत घालायचे. काळी द्राक्षं बाजारात असतील तर मनुक्यांऐवजी ती. नान्नजच्या बाजूला द्राक्षबागा असल्याने हंगामात अडचण येत नाही. संध्याकाळपर्यंत मनुके टम्म फुगतात. मग मंद आचेवर उकळायचे, पळीच्या पाठीने चेपायचे, पाण्याला गडद तांबडा रंग आला की उतरवून स्वच्छ पंचातून गाळायचे. पंचा पिळताना तळवे रंगतात ते दुसऱ्या दिवशीही तसेच असतात. पावाची कड काढून मधल्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. काचेच्या इवल्याशा पेल्या गरम पाण्याने धुऊन, पुसून, गोल तबकातल्या भोकांत एकेक बसवायच्या आणि रस ओतताना पेलीच्या गळ्याशी थांबायचं, नाहीतर तबक उचलताना सांडतो. हे करताना एक गोष्ट मला टाळता येत नाही, ती म्हणजे मोजणं. किती पेल्या भरायच्या? तबकात हात चालू असतो तेव्हा डोळ्यासमोरून माणसं जात असतात. ही येईल, तो येणार नाही, त्यांची बदली झाली, तिचं बाळंतपण आहे. रविवारी दुपारी तबक घरी येतं तेव्हा भरलेल्या पेल्या उरलेल्या असतात आणि प्रत्येक उरलेल्या पेलीमागे कोण आहे, ते मला बहुतेक वेळा सांगता येतं.

म्हणून मी आमच्या पंचांच्या बैठकीत विषय काढला, की मेज शेवटी घेऊ, आणि पाण्याचा रविवार असेल तेव्हा थोडं थांबू. विरोध झाला आणि तो वचन दाखवूनच झाला, हे मला बरं वाटलं. एक ज्येष्ठ काका म्हणाले, पौलानेच याच पत्रात लिहिलं आहे की सगळं शिस्तीने आणि व्यवस्थित होऊ द्या. वेळेवर येणाऱ्यांना शिक्षा का? काकांचा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. वेळ पाळणं हे आमच्या मंडळीने कष्टाने कमावलेलं वळण आहे. पण चौदाव्या अध्यायातलं ते वचन ज्या परिच्छेदाच्या शेवटी येतं, तो परिच्छेद मी बैठकीत मोठ्याने वाचला. एक जण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर पहिल्याने गप्प राहावं, म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीने बोलता येईल, असं तिथे आहे. पौलाची शिस्त ही दुसऱ्याची पाळी राखण्यासाठी आहे. घड्याळ हे तिचं साधन असू शकतं, पण घड्याळापायी कोणाची पाळीच गेली तर शिस्त मोडली असं त्याच्या हिशोबाने म्हणावं लागेल.

दुसरी शंका तरुणांपैकी एकाने काढली आणि ती जास्त अवघड आहे. चौतिसाव्या वचनात पौल म्हणतो, कोणाला भूक लागली असेल तर त्याने घरी खावं. मग त्याने श्रीमंतांना मोकळंच सोडलं, नाही का? घरी हवं ते खा, इथे फक्त समान दिसा. काही अभ्यासकही असंच म्हणतात, की पौलाने तडजोड केली. मला हे अर्धंच पटतं. त्या एका वचनापुरता पौल नमतं घेतो हे खरं. पण त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी मागतो तेव्हा उघड समानतेची भाषा करतो. तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढो आणि त्यांची विपुलता तुमची. आधाराला रानातल्या मान्न्याचं, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रानात पुरवलेल्या अन्नाचं, वचन घेतो, ज्याने फार गोळा केलं त्याला जास्त झालं नाही आणि ज्याने थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. म्हणजे मेजापाशी थांबायला शिकवलेल्या माणसांना तो पुढे समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांच्या ताटाचा विचार करायला लावतो. तरुणाला मी एवढंच म्हटलं, की पौल करिंथकरांबरोबर एका पत्रात थांबला नाही, आपणही एका वचनात थांबू नये.

जे येऊच शकत नाहीत त्यांचं काय, हे पहिल्या मंडळीने ठरवून ठेवलं होतं. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की भाकर आणि द्राक्षरस वाटून झाल्यावर सेवक मंडळी गैरहजर असलेल्यांकडे त्यांचा वाटा घेऊन जात. आणि त्याच ठिकाणी तो सांगतो, की जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके प्रवासी यांची सोय होई. आज आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी पाळकसाहेब मेज घेऊन जातात, ही चांगली रीत आहे. पण पाळीवर असलेल्या बाईकडे कोणी जात नाही. ती आजारी नसते, ती नुसती कामावर असते.

आमच्या मंडळीत वेळ पाळण्याबद्दल इतका आग्रह असलेली माणसं दुसऱ्याची वाट पाहण्याबद्दल उदासीन का, याचं मला वाईट वाटतं. कारण आम्ही कोण आहोत? अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं आणि पुढे सोलापूरला. त्या प्रवासात जी माणसं ख्रिस्ताकडे आली त्यांतली बहुतेक गावकुसाबाहेरची होती. पंढरपूर आमच्या जिल्ह्यातलं. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. हरिजनांसाठी ते मंदिर उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. दाराबाहेर पिढ्यानपिढ्या ताटकळलेल्यांची आम्ही लेकरं. एका मेजाशी, एका भाकरीतून, शिवाशीव न पाहता घास मिळाला, यासाठी आमच्या आजी-पणजींनी घरदार आणि गाव सोडलं. बाहेर ताटकळणं आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे आतल्या माणसाने बाहेरच्यासाठी थांबणं, हे आम्हाला सगळ्यांआधी सुचायला हवं.

पंडिता रमाबाईंचं या बाबतीत मला मोठं वाटतं. सोलापूरहून पुण्याला जाताना रेल्वेमार्गावर केडगाव लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायका त्यांनी तिथे आणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षं संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. संस्कृत पंडितांच्या सभेत सत्कार झालेली ही बाई भाषांतर करताना विचार कोणाचा करत होती, तर अक्षर नुकतंच शिकलेल्या बाईचा. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर काम पुरं झालं होतं. विद्वानांच्या पुढे निघून जाण्याची ताकद असलेली व्यक्ती शेवटच्या बाईसाठी अशी थांबली.

चर्चच्या बाहेर हे वचन पाळायचं तर कुठे पाळायचं, हा प्रश्न मला आता जास्त सतावतो. आपल्याकडे पंगतीची रीत होती. शेवटच्या पानावर मीठ-लिंबापासून भातापर्यंत वाढून होईस्तोवर पहिल्या पानावरचा माणूस घास उचलत नसे, मग तो कितीही मोठा असो. लग्नांत बुफे आला आणि ती रीत गेली, आमच्या ख्रिस्ती लग्नांतूनही गेली. धावपळीत ताट घेऊन रांगेत लागणं आलं, आणि बँडवाले, वाढपी, मांडववाले यांनी उरलंसुरलं खाणं आलं. निदान आपल्या घरच्या कार्यात या माणसांना पहिल्या पंगतीत बसवायला कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे? भोजन द्याल तेव्हा भावाबंदांना आणि धनवान शेजाऱ्यांना बोलावू नका, दरिद्री, लंगडे, आंधळे यांना बोलवा, असं येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. आम्ही त्यावर उपदेश ऐकतो आणि पत्रिकांची यादी काढायला बसतो.

मजुरीचंही तसंच. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको, असं बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कारणही दिलं आहे. तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीकडे लागलेलं असतं. वाचताना अंगावर काटा येतो. नियम सांगणारा देव मजुराच्या मनात काय चाललं आहे ते पाहतो आहे. घरकामाच्या बाईचा पगार ‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हणणाऱ्या घरात संध्याकाळी प्रार्थना होत असेल, तर त्या प्रार्थनेआधी शेजारच्या गल्लीत जाऊन पैसे देऊन यावं. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो, अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातं.

त्याच एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडेचं वचन आहे. कापणी करताना अगदी कडेपर्यंत कापू नको, पडलेला सरवा गोळा करू नको, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. परक्या मोआब देशातून आलेली रूथ अशाच सरव्यावर जगली आणि दावीद राजाची पणजी झाली. ज्याची जमीन आहे त्याने हातचं थोडं राखून ठेवायचं, मागून येणाऱ्यासाठी. आमच्याकडे हार्वेस्टच्या रविवारी ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबडी असं मंडळी आणते आणि त्याचा लिलाव होतो. चढाओढीने बोली लागते, शेरभर शेंगाचटणी दहापट भावाने जाते, सगळे आनंदात असतात. मलाही तो दिवस फार आवडतो. मात्र ज्याच्या खिशात काही नाही तो त्या दिवशी मागे भिंतीला टेकून नुसतं पाहत असतो. म्हणून काही जिन्नस लिलावात न घालता तसेच बाजूला ठेवावेत आणि ज्याला लागतील त्याने नाव न सांगता उचलावेत, असं मी सुचवलं आणि महिला संघाने ते मान्य केलं. त्या वर्षी बाजूला ठेवलेली ज्वारी उपासना संपायच्या आत गेली. कोणी नेली ते विचारलं नाही.

मेजाचं काय झालं, ते राहिलं. बैठकीत मतं घेतली नाहीत, पाळकसाहेबांनी सहा महिने करून पाहू म्हटलं. आता पहिल्या रविवारी मेज उपासनेच्या शेवटी असतं. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब विचारतात, ‘‘अजून कोण यायचं आहे?’’ सुरुवातीला अवघडल्यासारखी शांतता पसरायची. मग मागून कोणी तरी म्हणालं, ‘‘मामींच्यात पाणी आलंय, येतीलच.’’ लोक थांबले, एक गीत जास्त झालं. आता प्रश्न विचारला की तीन-चार नावं येतात, आणि कोण का आलं नाही हे मंडळीला कळू लागलं आहे. विड्या वळणारी मावशी अजून पुढे येत नाही. मी तिच्या शेजारी बसते. ‘‘अक्का, तुम्ही जावा ओ,’’ म्हणते. मी जात नाही, मग सेवक तबक घेऊन आमच्या बाकापर्यंत येतो. गेल्या खेपेला तिने पेली घेतली, भाकर नको म्हणाली. सेवकाने भाकर तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली आणि मी ती मोडून अर्धी तिला दिली. ती तिने खाल्ली.

काकांचा विरोध पूर्ण गेलेला नाही, पण घड्याळाकडे पाहायचं त्यांनी सोडलं आहे. महिन्यातून एकदा रात्री साडेआठला, पाळ्या सुटल्यावर, दुसरी छोटी उपासना घ्यावी असंही ठरतं आहे. तिला माणसं येतील यात मला शंका नाही. अडचण आहे ती कुंभारीच्या वसाहतीत राहायला गेलेल्या कुटुंबांची. रात्री तिकडे परतायला वाहन नसतं, आणि रिक्षाचं भाडं विडीच्या मजुरीत परवडणारं नाही. कोणाची तरी गाडी ठरवावी, नाहीतर उपासनाच तिकडे न्यावी. दुसरं मला जास्त पटतं. प्लिनीच्या काळातले लोक घरांतच जमत होते, आणि रस शनिवारी जास्त गाळणं मला काही जड नाही. हा विषय पुढच्या बैठकीत पहिला घ्यावा, असं मी पंचांना लिहून दिलं आहे.